दांडी

रेवतीने शाळेला दांडी मारली.
बाईंनी विचारलं तर सांगायचं ठरलं, दीवादांडी.
राहतो दांडिया बाजारात,
आम्हाला शब्द कुठे कमी पडतात.

पहाटे चारला बाबांनी एकेक दिवा बंद केला.
एकतीस वर्षं वीज मंडळात मीटर वाचलेला माणूस,
मेन स्विचकडे हात गेलाच,
आई म्हणाल्या, "अहो, हेरंब झोपलाय. पंखा."
बाप-लेकांत सध्या बोलणं तेवढंच,
पंख्यापुरतं, आणि तेही आईंच्या तोंडून.
हेरंबची रिफायनरीत दुसरी शिफ्ट,
तो येणार नव्हताच.

पादरा, जंबुसर, मग मिठागरं.
रेवतीला दोनदा उलटी.
धक्क्यावर समुद्र नव्हताच,
नुसता चिखल, चमकणारा,
आणि त्यात कुशीवर झोपलेली होडी.
"पाणी येईल," रमजू नाखवा म्हणाला,
जसं आपण म्हणतो, दूधवाला येईल.
आलंही. चहाच्या रंगाचं, घाईत.

बेटावर बाभळी, एक विहीर,
एक कुत्रं, ज्याला आमच्याकडून काहीच नको होतं,
आणि तो दगडी खांब,
कुणा साहेबाच्या काळचा, मिठाने खाल्लेला.
आईंचे गुडघे. त्या खालीच बसल्या
दशम्या आणि छुंदा उघडून.
आम्ही चढलो. रेवतीच्या एकशे चौदा पायऱ्या झाल्या,
बाबांच्या एकशे सोळा.
त्यावरून वर पोचेपर्यंत वाद.

वर दिवा झाकलेला.
पांढरा पडदा, चारी बाजूंनी,
ओवाळायच्या आधीच्या नवऱ्या मुलीसारखा.
"दिवसा ऊन भिंगात शिरलं तर आगच लागेल,"
जेसंगभाई म्हणाले, आणि पडदा वीतभर सारला.
आत काचेच्या पाकळ्यांवर पाकळ्या,
प्रत्येकीत आम्ही, उलटे, बारीक.

बाबांनी आधी वॉट विचारले.
मग, "रात्रभर चालू?"
"रात्रभर."
"जहाजं किती जातात?"
"आता त्यांच्याकडे सगळी यंत्रं आहेत, साहेब.
कधी एक. कधी नाही."
बाबा गप्प झाले.
ज्यांनी आयुष्यभर आमच्या मागे
रिकाम्या खोल्यांतले दिवे मालवले,
त्यांनी मान हलवली, आणि वही मागितली,
रोजची नोंद असते ती.
उभ्याउभ्या चार पानं वाचली.
अक्षर चांगलं होतं म्हणे.

प्रत्येक दांडीची लुकलुक वेगळी,
इतक्या सेकंदांनी एक, इतक्यांनी दोन,
त्यावरून खलाशी ओळखतो कुठली ती.
रेवतीने हे हातावर पेनाने लिहून घेतलं.

खाली आईंना सगळं सांगितलं.
त्या म्हणाल्या, "म्हणजे हा दिवा
येऊ नका सांगायला लावतात?
आपण तर तिन्हीसांजेला..."
आणि वाक्य सोडून दशमी पुढे केली.

थांबता आलं नाही. पाणी उतरणार होतं.
पेटलेला दिवा आम्ही पाहिलाच नाही.
होडीतून रेवती मागे बघत राहिली,
मी तिची कॉलर धरून.

साडेदहा. वडोदरा. पाय धुतले,
चिखल तरी निघेना नखांतून.
जिन्यातली ट्यूब बाबा रोज दहाला बंद करतात,
आणि हेरंब रोज अंधारात चौथ्या पायरीला ठेचकाळतो,
आणि रोज दोघंही काही बोलत नाहीत.
आज ते बटणापाशी गेले,
उभे राहिले,
परत आले. उशीला पाठ टेकली. डोळे उघडे.

ट्यूब जुनी आहे, स्टार्टर गेलाय.
पेटते, विचार करते, विझते, पेटते.
रेवती गादीवरून मोजत होती,
"सहा सेकंदांनी दोनदा, आई. मग एकदा लांब.
हे आपलं."

सव्वाअकराला स्कूटर. मग पावलं.
चौथ्या पायरीवर थांबली नाहीत.
दारातून हेरंब म्हणाला, कुणालाच नाही असं,
"स्टार्टर बदलायला हवा."
आतून, बऱ्याच वेळाने,
"राहू दे."